पहाटेचे तीन तास: थंडीआधी नगरपालिकेला खुलं पत्र

प्रति,
नगरपालिकेचे अध्यक्ष व सर्व सदस्य, पाणीपुरवठा, स्वच्छता आणि विद्युत विभागांचे प्रमुख, शाळांचे मुख्याध्यापक आणि गल्लोगल्लीच्या मंडळांचे कार्यकर्ते यांस,

स.न.वि.वि.

थंडीचा विषय सभेपुढे येतो तो थंडी पडल्यावर. मग ब्लँकेटांची खरेदी निघते, निविदेचे कागद फिरतात, वाटपाचा फोटो निघतो, आणि तोवर सर्वांत वाईट पंधरवडा उलटून गेलेला असतो. म्हणून हे पत्र आधीच, संध्याकाळी शाल घ्यावी की नको असा प्रश्न पडण्याच्या दिवसांत लिहीत आहोत. आम्ही नळाची, विजेची, दवाखान्यातली आणि रस्त्यावरची कामं करणारी माणसं. मुख्य मागणी एकच आहे आणि तिला फारसा पैसा लागत नाही: गावाचं पहाटेचं वेळापत्रक थंडीपुरतं बदला.

सूर्य मावळला की जमीन दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडे सोडू लागते, आणि हे रात्रभर चालू राहतं. त्यामुळे पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नाही, सूर्योदयाच्या सुमारास. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर आणखी खाली. आता साडेचार ते साडेसात या तीन तासांत छोट्या गावात काय चालतं ते पाहा. नळाला पाणी सुटतं. रस्ते झाडले जातात आणि पाल्याचे ढीग पेटतात. रात्रनिवाऱ्यातली माणसं बाहेर काढली जातात. सकाळच्या शाळेची पोरं सायकलीवर निघतात. म्हातारी माणसं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून फिरायला बाहेर पडतात. चोवीस तासांतली सर्वांत वाईट वेळ शोधून सगळी कामं तिच्यात बसवावीत, असा हा प्रकार आहे.

आणखी एक. २१-२२ डिसेंबर गेला की दिवस मोठा होऊ लागतो, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण उत्तर गोलार्धात दिवस आधी वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय त्यानंतरही काही आठवडे उशिराच होत जातो. सर्वांत काळोख्या पहाटा जानेवारीत येतात. बदललेल्या वेळा निदान जानेवारीअखेरपर्यंत तरी ठेवा.

आधी पाणी, कारण बाकीचं गाव पाण्याच्या वेळेवर उठतं. पाचला पाणी येणार असेल तर रांग साडेचारला लागते. रांगेत बहुधा बायका आणि म्हातारी माणसं. नळाभोवतीची फरशी ओली, भांडं भरताना पायावर पाणी, कपड्यांचा काठ भिजलेला. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. कोरड्या माणसाला जी थंडी सोसते ती पाय भिजलेल्याला सोसत नाही. थंडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि त्याच क्षणी भरलेलं भांडं उचलायचं असतं. हृदयविकाराचे झटके सकाळी आणि थंडीच्या महिन्यांत जास्त येतात, ही दवाखान्यात कुणाला नवी गोष्ट नाही.

वेळ पुढे ढकला म्हटलं की पाणीपुरवठा विभागाचं उत्तर तयार असतं: टाकी रात्री भरते, पहाटे ती रिकामी केली नाही तर दुसऱ्या फेरीचं पाणी चढवायचं कधी? उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. पहिली फेरी पहाटे सोडायची तर सोडा, फक्त ती कुठल्या भागात सोडायची ते बदला. ज्या गल्ल्यांत बहुतेक घरांना जमिनीखालची टाकी आणि तिला बॉलकॉक आहे, तिथे पाणी आलं म्हणून कुणाला उठावं लागत नाही. टाकी भरते, गोळा वर येतो, पाणी आपोआप बंद होतं. पाचची वेळ त्यांना द्या. सार्वजनिक नळाच्या आणि बिनटाकीच्या गल्ल्यांना सातनंतरची. आज बरेचदा नेमकं उलटं असतं: जुनी वस्ती जलकुंभाजवळ, म्हणून तिचा व्हॉल्व्ह पहिला, आणि नेमक्या तिथल्याच घरांना टाक्या नसतात.

याला नवी पाइपलाइन लागत नाही. व्हॉल्व्ह उघडण्याचा क्रम आणि व्हॉल्व्हमनच्या पाळीची वेळ, एवढंच बदलतं. गाडं अडेल ते दोन ठिकाणी. सातच्या सुमारास घरोघरच्या मोटारी एकदम सुरू होतात, लाइनमधलं पाणी ओढलं जातं आणि चढावरच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसतो. म्हणून चढावरचा व्हॉल्व्ह आधी आणि एकटा उघडावा, वीसेक मिनिटं, उताराकडचे नंतर. दुसरी अडचण साडेसहाला कामावर निघणाऱ्यांची. त्यांच्या गल्लीला दिवस मावळायच्या आत संध्याकाळची फेरी द्या. दोन्ही वेळा थोडं थोडं पाणी देऊ असं म्हणू नका. तसं केलं की माणसं दोन्ही वेळा रांगेत उभी राहतात.

नळ गळत असतील तर वायसर आत्ताच बदलून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते झालं नाही तर नळाखाली तीन महिने शेवाळ आणि चिखल. ओट्याला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार आणि बाजूला खडीचा पट्टा असला की पाय कोरडे राहतात. जिथे पारा शून्याखाली उतरतो तिथे उघड्यावरच्या लोखंडी पाइपांना गुंडाळणं आलंच: पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. फुटल्याचं कळतं मात्र दुपारी, बर्फ वितळून पाणी वाहू लागल्यावर.

आता झाडलोट. झाडणारा पाला पेटवतो तो हौसेने नाही. पानगळीत पाला कैकपटीने वाढतो, गाडी तेवढीच असते, खेपही एकच असते. पेटवला नाही तर ढीग तिथेच राहतो आणि बोलणी त्यालाच बसतात. त्याला दंडाची भीती दाखवून काही होणार नाही. पानगळीच्या सहा-आठ आठवड्यांपुरती एक जादा गाडी आणि मोठी गोणपाटं, एवढी सोय करा. आणि झाडण्याची वेळ साडेपाचची आठ करा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा उबदार, असा उलटा थर तयार होतो. गार हवा जड, ती वर जात नाही. तिच्यातला धूरही वर जात नाही. गावावर झाकण ठेवल्यासारखं होतं. पहाटे पेटवलेला एक ढीग अख्ख्या गल्लीच्या छातीत बसतो. नऊ-दहाला ऊन तापलं की झाकण उचललं जातं आणि धूळसुद्धा पांगते. झाडणाऱ्यालाही त्या थंडीत, त्या धुळीत उभं राहावं लागत नाही. ही बाब कुठल्याच ठरावात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिली.

गोळा केलेल्या पाल्याचं खत करायचं तर नुसता ढीग लावून कुजत नाही. वाळल्या पानांत कार्बन भरपूर, नायट्रोजन नाममात्र. जिवाणूंना कार्बनच्या २५ ते ३० भागांमागे नायट्रोजनचा एक भाग हवा असतो. म्हणून वीतभर पाल्याच्या थरावर शेणकाला किंवा ओला भाजीपाला, असं आलटून पालटून भरा. ढीग लांबी-रुंदी-उंचीला मीटरभर तरी हवा. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही आणि थंडीत काम थांबतं. ओल किती? मूठभर माल पिळला तर दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. दर पंधरा दिवसांनी उलथा. कुजका वास येऊ लागला तर हवा कमी पडली असं समजा. उलथून वाळला पाला मिसळा. जाळीचे गोल कप्पे बागेच्या किंवा शाळेच्या कोपऱ्यात उभे करा, पण प्लॅस्टिक वेगळं काढायला माणूस नेमल्याशिवाय सुरुवात करू नका. नाहीतर दोन महिन्यांत त्याचाच उकिरडा होतो.

रात्रनिवाऱ्याबद्दल थोडं सविस्तर. निवारा आहे, पण लोक येत नाहीत, त्यांना सवयच उघड्यावरची, असं सभेत ऐकू येतं. लोक का येत नाहीत याची कारणं ठरलेली आहेत. दार दहाला बंद होतं आणि शेवटच्या गाडीने येणारा अकराला येतो. सामान ठेवायला कुलूप नाही. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, सोबतच्या कुत्र्याला आत घेत नाहीत. आणि पाच वाजता दिवे लावून सगळ्यांना बाहेर काढतात, साफसफाईसाठी. म्हणजे रात्र उबेत काढायची आणि नेमक्या सर्वांत गार घटकेला रस्त्यावर यायचं. त्यापेक्षा आडोशाचा कोपरा धरून ठेवलेला बरा, असं माणसाला वाटलं तर चूक काय? निवारा आठपर्यंत उघडा ठेवा, सफाई दुपारी करा. एवढ्या एका बदलाने माणसं वाढतील, अशी आमची खात्री आहे.

तरीही काही जण बाहेर झोपणारच. त्यांची मोजणी दिवसा होत नाही, रात्री एक ते तीनच्या दरम्यान करावी लागते, आणि वाटपाआधी दोनदा, आठवड्याच्या अंतराने. बसस्थानक, बाजाराची शेड, पुलाखालची जागा, प्रार्थनास्थळांच्या पायऱ्या सगळ्यांना सुचतात. सुटतो तो दवाखान्याचा व्हरांडा. रुग्णाचे नातेवाईक तिथे रात्र काढतात. ते बेघर नसतात म्हणून कुठल्याच यादीत नसतात, आणि अचानक घरून निघालेले असल्याने त्यांच्याकडे अंथरूणही नसतं.

ब्लँकेट देताना एक चूक दर वर्षी होते: पांघरूण देतात, अंथरूण देत नाहीत. फरशीवर झोपलेल्या माणसाची उष्णता खालून जमिनीत जाते. ऊब धरते ती कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा, आणि अंगाखाली दबलेल्या कापडात हवाच उरत नाही. त्यामुळे एकावर एक तीन ब्लँकेटं दिली तरी पाठ गारच. खालून वर क्रम असा हवा: ओल अडवायला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पुठ्ठ्याचे दोन-तीन थर किंवा जाड फोम, त्यावर गोणपाट, मग सतरंजी, आणि वर एकच पण जाड पांघरूण, माणसाच्या उंचीपेक्षा हातभर लांब, म्हणजे पाय आणि डोकं दोन्ही झाकतील. सोबत कानटोपी आणि मोज्यांचे दोन जोड. एक ओला झाला की दुसरा. पुठ्ठे दुकानदारांकडे रोज पडलेले असतात. डोक्यावर छतासारखा नुसता प्लॅस्टिकचा कागद ताणला तरी फरक पडतो: दव अंगावर पडत नाही आणि अंगातली उष्णता थेट उघड्या आकाशाकडे जात नाही.

रात्री गस्त घालणाऱ्यांना हे शिकवा: थंडीने गारठलेला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. बोलणं जडावतं, तोल जातो, बोटांनी गुंडी लागत नाही. हुडहुडी भरलेली असते तोवर शरीर झगडत असतं. हुडहुडी थांबली आणि माणूस गप्प पडला तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. अशा माणसाला खसाखसा चोळू नये, शेकोटीला टेकवू नये, चालायला लावू नये. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, ऊब छातीला आणि पाठीला द्या, हातापायांना नाही. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच गरम, गोड काहीतरी पाजा. आणि लगेच दवाखाना. दारूचा घोट देणारे भले लोक प्रत्येक गावात असतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, आणि आतली उष्णता बाहेर जाते.

हे झालं बाहेरचं. पण थंडीतले मृत्यू घरातही होतात, बंद दारामागे, आणि तिथे माणसाला मारते ती थंडी नसते, थंडी घालवायला केलेला उपाय असतो. रात्री कोळशाची शेगडी आत घेतात. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे आता धोका नाही असं वाटतं. खरा धोका तिथून पुढे असतो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. खोली बंद असल्याने हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, निखारे अर्धवट जळतात आणि वायू आणखी वाढतो. झोपलेल्याला जाग येत नाही.

खूण लक्षात ठेवायची ती अशी. घरातल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, ताप नसतो, बाहेर गेलं की बरं वाटतं, आत आलं की पुन्हा तेच. याला पित्त समजून गोळी घेऊन झोपू नये. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर आणा, दवाखाना गाठा आणि तिथे ‘बंद खोलीत शेगडी होती’ हे वाक्य आधी बोला. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. खोलीत पाण्याचं भांडं किंवा झाडाची कुंडी ठेवून हा वायू शोषला जात नाही. झोपायच्या आधी शेगडी बाहेर, हाच उपाय.

गॅस गिझरची तऱ्हा तीच. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला हवा. आतच असेल तर धूर बाहेर नेणारा पाइप आणि खाली-वर दोन झरोके हवेत. थंड वारा येतो म्हणून लोक याच दिवसांत झरोक्याला कापड कोंबतात. ज्योत निळी हवी. पिवळी झाली किंवा काजळी दिसली तर बर्नर साफ करून घ्या. आणि तोवर? बादली भरा, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा. जिना चढून घरोघर हे सांगायचं काम मंडळांचं. पत्रक छापून होत नाही, न्हाणीघराचा झरोका उघडून दाखवावा लागतो.

विजेचं थोडक्यात. दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. साधा प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचे असतात. अर्ध्या तासाने प्लगला हाताची पालथी बाजू लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसला तर बंद. हीटर अंथरुणापासून मीटरभर लांब. पाणी तापवायची रॉड आधी पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण, मग प्लग, मग रॉड. पाण्यात बोट घालून तापलं का पाहायचं नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की आपोआप पुरवठा तोडणारा खटका) असेल तर तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर ती नसल्यासारखीच.

रस्त्यावरच्या दिव्यांचे टायमर उन्हाळ्याच्या वेळेवर लावलेले असतात, म्हणून थंडीत संध्याकाळी अर्धा-पाऊण तास आणि पहाटे तेवढाच वेळ काळोख राहतो. दर पंधरा दिवसांनी टायमर हाताने बदला, नाहीतर तारखेप्रमाणे स्वतः सरकणारा टायमर बसवा. सौर दिव्यांची पॅनेलं आत्ता पुसून घ्या आणि दुपारी त्यांच्याखाली उभं राहून वर पाहा. थंडीत सूर्य खालून जातो. उन्हाळ्यात पॅनेलपर्यंत न पोचणारी फांदीची सावली आता बरोबर त्याच्यावर पडते. दिवा रात्री बाराला विझतो, आणि तक्रार बॅटरीची होते.

शाळांना एवढंच: सकाळचं सत्र तासाने पुढे न्या. ते होईपर्यंत सायकलींना मागे लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी लावून घ्या.

मंडळांकडे अजून एक काम, आणि ते त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही. गल्लीत एकटं राहणारं वयस्क माणूस कोण, हे मंडळाला तोंडपाठ असतं. रोज सकाळी नऊच्या आत त्यांचं दार उघडलं का, एवढंच पाहायचं. उघडलं नसेल तर कडी वाजवायची. आत गेलात तर खोली किती गार आहे तेही पाहा. थंड आणि समशीतोष्ण हवेच्या ठिकाणी घरात निदान १८ अंश सेल्सिअस असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. दाराखालची फट जुन्या कापडाच्या गुंडाळीने बुजवा. शेगडी पेटत असेल त्या खोलीची मात्र नाही.

पुढच्या सभेत पाण्याचा बदललेला क्रम मंजूर करावा आणि वेळा नळाशेजारच्या भिंतीवर रंगाने लिहाव्यात. फलक चोरीला जातात. पहिले दहा दिवस ही वेळ एकदाही चुकू देऊ नका. सातचं पाणी एका दिवशी जरी सहालाच येऊन गेलं, तरी दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा साडेचारला लागेल.

आपले,
नळ, वीज, झाडू आणि दवाखान्याची कामं करणारे गावकरी